उद्याचं दव

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी दुपारी सबीना कॅफर्की पिवळी फुलं आणायला घराखालच्या कुरणात उतरली, तेव्हा समुद्रावर धुक्याची एक पट्टी होती. लांब होती, पातळ होती. सबीनानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मनावर घेतलं नाही. चुलीत पीट, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचं जळण, धुमसत होतं, नवरा अँथनी दलदलीवर आणखी पीट कापायला गेला होता, ब्राकी गाय गोठ्यामागे रवंथ करत होती. मूठभर फुलं खुडायला वेळ तो कितीसा लागणार?

फुलं कुरणाच्या खालच्या अंगाला, ओहोळाच्या काठानं फुलत. मेची पहिली पहाट उजाडायच्या आत ती उंबरठ्यावर पसरली की घराची बरकत आणि दुधातलं लोणी घरातच राहतं, हे द्रुमनाकी गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सबीनानं गेल्या वर्षीही पसरली होती. पण लोणी गेलं ते गेलंच.

कसं गेलं तेही तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या मेच्या पहिल्या सकाळी ती दार उघडून बाहेर आली, तर खाली तिच्याच कुरणात शेजारची डेलिया मॉनेली ओणवी होऊन दवानं भिजलेल्या गवतावरून एक पांढरं फडकं ओढत होती. ओढायची आणि मडक्यात पिळायची. त्या सकाळी दुसऱ्याच्या गवतावरचं दव जो ओढून नेतो, तो त्याच्या डेऱ्यातलं लोणीही ओढून नेतो. सबीनानं हाक मारली नाही. डेलियानं मान वर केली, दोघींची नजरानजर झाली, आणि डेलिया मडकं पोटाशी धरून गडगा ओलांडून पळाली.

त्या आठवड्यापासून ब्राकीच्या दुधाला लोणी धरेना. दांड्यानं घुसळून घुसळून सबीनाचे खांदे भरून यायचे. फेस यायचा, आंबूस वास यायचा, लोणी म्हणावं तर वाटाण्याएवढं. आणि गडग्यापलीकडून डेलिया मात्र दर शनिवारी पिवळंधमक लोणी कोबीच्या पानात गुंडाळून बाजाराला न्यायची. भांडण असं झालंच नाही. विहिरीवर एक आली की दुसरी बादली भरून निघायची, चर्चमध्ये दोघी दोन बाजूंना बसायच्या. बोलणं बंद झालं, आणि बंद झालेलं तसंच राहिलं.

फुलांनी शालीचा ओचा भरला तेव्हा सबीनानं पाठ सरळ केली. घर दिसेना.

धुकं कधी वर चढलं ते तिला कळलंच नव्हतं. आवाज न करता आलं होतं, दुधात दूध मिसळावं तसं. ओहोळ पायाशी वाहत होता, तेवढाच काय तो दिसत होता. ती हसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज तुडवलेलं कुरण, डोळे मिटून चाल म्हटलं तरी घरी जाईल. ओहोळाकडे पाठ करून ती चढ चढू लागली. वर गडगा लागेल, गडग्याला हात लावून डावीकडे गेलं की येण्याजाण्याचं तोंड.

गडगा लागला. दगड ओले, गार, ओळखीचे. हात लावून ती डावीकडे चालू लागली. चालली, चालली. तोंड आलं नाही. एका जागी कोपरा आला, मग पुन्हा सरळ गडगा, मग पुन्हा कोपरा. कोंबड्यांचा आवाज आला, पण खालून, जिथं ओहोळ असायला हवा तिथून. समुद्राची गाज तर वरून येत होती, कौलांवरून वारा जावा तशी. सबीनानं गडग्यावरचा हात काढला नाही. पण थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की हाताखाली दगड नाहीतच. हात नुसता हवेत आडवा धरून ती गवतातून चालली आहे.

चकवा. तिला समजलं. कुरणात असा एखादा गवताचा तुकडा असतो. त्या मंडळींनी, डोळ्यांना न दिसणाऱ्या जमिनीखालच्या लोकांनी, तो तिथं ठेवलेला असतो, आणि त्याच्यावर पाय पडला की माणूस आपल्याच अंगणात परका होतो. तिच्या चुलत्याला लागला होता. बिचारा स्वतःच्या बटाट्याच्या शेतात रात्रभर फिरत राहिला होता आणि सकाळी विचारत होता, हे कुणाचं गाव.

भीती वाटायला हवी होती. पण का वाटली नाही, हे सबीनाला नंतरही कुणाला नीट सांगता आलं नाही. उलट अंगात एक गोड सुस्ती भरत गेली. गवत मऊ होतं, माहेरच्या कुरणातलं असायचं तसं. कुठून तरी ओटच्या भाकरीचा वास येत होता, तव्याच्या कडेला जराशी करपलेली, आई करायची तशीच. पलीकडे गुरं चालल्यासारखी वाटली, खूप गुरं, पावलांचा आवाज नाही, नुसते श्वास. कुरण मोठं मोठं होत गेलं होतं. त्यात गावं मावतील, नद्या मावतील इतकं. असंच चालत राहिलं तर पुढं कुठंतरी सगळं असेल, गेलेलं सगळं, आणि कुणी विचारणारही नाही की इतका उशीर का झाला.

तेवढ्यात धुक्यातून कुणाचं तरी पुटपुटणं ऐकू आलं. प्रार्थना वाटावी अशा लयीत कुणीतरी शिव्या घालत होतं. धुक्याला, गडग्याला, स्वतःच्या गुडघ्यांना.

सबीना त्या आवाजाकडे गेली. एका दगडावर, मेलेल्या भावाचा जुना कोट अंगात घालून, डेलिया मॉनेली बसली होती.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सबीनाच्या मनात आधी आलं ते हेच, की ती मंडळी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं रूप घेऊन येतात.

"तू खरी डेलिया असशील तर देवाचं नाव घे," ती म्हणाली.

"देवाचं नाव मी रोज घेते," डेलिया म्हणाली. "पण तुझ्या सांगण्यावरून घेणार नाही."

"खरीच आहेस."

"आणि तू? तुझी खूण काय?"

"माझ्या कुरणात तू काय करतेयस, हे विचारणारी मी एकटीच असेन."

डेलियानं मान हलवली. "हो. तूच आहेस."

सबीना शेजारच्या दगडावर टेकली. चालून चालून पाय भरून आले होते. धुक्यात दोघींचे श्वास तेवढे दिसत होते.

"कोट उलटा केलास का?" थोड्या वेळानं सबीनानं विचारलं. चकव्याला तोच एक उतारा. अंगावरचं वस्त्र उलटं घातलं की ती मंडळी माणसाला ओळखत नाहीत आणि सोडून देतात.

"केला. हा बघ, अस्तर बाहेर आहे. भावाच्या कोटाला ते पण फसत नाहीत. त्यानं आयुष्यभर उलटाच घातला असेल." मग तिनं सबीनाकडे निरखून पाहिलं. "तू का नाही केलंस?"

"काय करू? शाल दोन्हीकडून सारखीच."

"परकर आहे ना."

"परकर सोडू इथं, उघड्यावर?"

"कोण बघतंय?"

"तेच बघतायत की."

"बघू देत बिचारे. त्यांच्या नशिबी तरी दुसरं काय आहे?"

सबीनाला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. वर्षभर जिच्याशी शब्दही बोलली नव्हती तिच्यासमोर तिनं मुकाट्यानं पाठ फिरवली, परकराची नाडी सोडली, तो उलटा करून पुन्हा बांधला. शिवणी बाहेर, दोरे लोंबतायत. डेलिया तोंडावर हात धरून दुसरीकडे बघत होती.

धुकं हललं नाही.

"आता तरी सांग," सबीना म्हणाली. "कशाला आली होतीस? उद्याच्याला गवत चांगलं कुठं आहे ते बघून ठेवायला?"

कोटाच्या बाहीचा एक दोरा डेलिया बोटाला गुंडाळत राहिली.

"तुझ्याकडेच येत होते. वाटेनं आले असते तर सगळ्या गावानं पाहिलं असतं आणि दारात पोचायच्या आत मी परत फिरले असते. म्हणून कुरणातून. तर हे."

"माझ्याकडे कशाला?"

"दव मागायला."

सबीनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"गेल्या वर्षी चोरलंस, यंदा मागतेस?"

"आईच्या डोळ्यांसाठी नेलं गं. दुसरं कशासाठीही नाही." डेलियाचा आवाज एकदम उतरला. "दोन्ही डोळ्यांवर साय धरलीय. डॉक्टर म्हणाला, वय झालं. ती म्हणते, मेच्या सकाळचं दव, पूर्वेकडे उतार असलेल्या गवतावरचं. आमचं कुरण पश्चिमेकडे उतरतं. पूर्वेकडे उतरणारं तुझंच. मग काय करायचं? त्या दिवशी मागायला आले असते तर तू दिलं असतंस?"

मेच्या पहिल्या दिवशी घरातून काही बाहेर द्यायचं नसतं. विस्तव नाही, मीठ नाही, घोटभर दूध नाही. जो मागायला येतो तोच वाईट. सबीनानं दिलं नसतं. कुणीच दिलं नसतं.

"नाही ना? आणि दिलं असतंस तर मीच घेतलं नसतं, तुझ्या वाईटावर कोण उठतं? म्हणून न विचारता नेलं. मनात म्हटलं, फक्त दव नेतेय, दुसरं काही नाही. मोठ्यानं म्हटलं तसं, गवताला ऐकू जाईल असं."

"आणि माझं लोणी गेलं."

"गेलं," डेलिया म्हणाली. "आणि माझं आलं. खोटं कशाला बोलू? आयुष्यात कधी आलं नव्हतं तसं आलं. पहिल्यांदा डेऱ्याचं झाकण काढलं आणि तसंच परत लावलं. मी मागितलं नव्हतं गं ते. घरात ठेवलं नाही त्यातलं बोटभरही. आई विचारायची, भाकरीला लोणी का नाही? मी म्हणायचे, गाय आटत आलीय. सगळं बाजारात नेऊन टाकलं. गळ्याखाली उतरायचंच नाही."

सबीनानं वर्षभर रागाचे पुष्कळ शब्द जमवून ठेवले होते. विहिरीवर, चर्चमध्ये, रात्री कूस बदलताना. आता हात घालावा तर त्यातला एकही सापडेना. डेलिया भाकरी कोरडी खाते आहे हे तिच्या कुठल्याच शब्दात बसत नव्हतं.

"आज अजून एप्रिल आहे," डेलिया हळूच म्हणाली. "आज मागितलं तर चालतं. आज दिलंही तर चालतं."

"जे अजून पडलंच नाही ते कसं देऊ?"

"गाय गाभण असताना वासराचा सौदा करतातच की."

"वासरू पोटात तरी असतं."

"दव पण असेल कुठंतरी पोटात," डेलिया म्हणाली आणि भोवतीच्या धुक्याकडे पाहिलं.

सबीना उठली. "चल. बसून राहिलो तर उद्याची सकाळ इथंच होईल."

दोघी चालू लागल्या. आधी थोडं अंतर ठेवून. मग एकमेकींना हरवू नये म्हणून सबीनानं तिच्या बाहीचं टोक धरलं. बोलणं कशावरून निघालं ते नंतर दोघींनाही आठवेना. विहिरीच्या कडेचा दगड निसटलाय, दुकानदाराची मुलगी सायकलवर बसते आणि तिचे गुडघे दिसतात, यंदा खेकडे कमी आले. वर्षभराचं साठलं होतं. पायांखाली गवतच होतं, मऊ, ओलं. गडगा त्यांनी ओलांडला नाही. तोंडातून गेल्या नाहीत. हे दोघींनीही पुढं शपथेवर सांगितलं. बोलता बोलता डेलिया थांबली आणि म्हणाली, "अगंबाई," आणि समोर दार होतं, निळ्या रंगाचं, मॉनेलींचं.

आत चुलीपाशी डेलियाची आई ओनर बसली होती. चेहरा दाराकडे, डोळे नुसते पांढुरके, ताकाच्या निवळीसारखे.

"दोघी आहात," म्हातारी म्हणाली. "दुसरी कॅफर्कींची सून आहे. टाच जोरात टेकते."

"मीच आहे, ओनर," सबीना म्हणाली. "धुकं पडलंय, वाट चुकले."

"कसं आहे धुकं?"

"पांढरं आहे."

"पांढरं तर मला रोजच दिसतं. कसं पांढरं?"

सबीनानं विचार केला. असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. "आत उजेड असल्यासारखं," ती म्हणाली. "पण उजेडाची जागा सापडत नाही."

म्हातारीनं समाधानानं मान डोलावली. मग म्हणाली, "गेल्या वर्षी डेलियानं कुठून तरी दव आणलं होतं. उन्हाळाभर मला ही खिडकी दिसली. बाहेरचं काही नाही, खिडकी दिसली. चौकोन. सकाळी निळा व्हायचा, संध्याकाळी तांबूस. मी तेवढंच बघत बसायचे. माणसाला एक चौकोन मिळाला तरी खूप झालं."

कुठून आणलं ते डेलियानं आईला सांगितलं नव्हतं, हे उघड होतं. डेलिया चुलीतलं पीट उगाच हलवत बसली होती, पाठमोरी.

सबीनानं ओच्यातली फुलं सावरली. मनात लोणी आलं, अँथनीचा चेहरा आला, ब्राकी आली. मग ती म्हाताऱ्या ओनरसमोर गुडघ्यांवर बसली.

"ओनर, आज एप्रिल आहे. माझ्या कुरणात उद्या पहाटे जे दव पडेल ते मी तुम्हाला आज दिलं. सगळं. उद्या ते माझं नाही, म्हणजे उद्या माझ्याकडून कुणी काही नेलं असं होत नाही."

"कशाबद्दल देतेस?"

"कशाबद्दल म्हणजे?"

"फुकटचं मी घेत नाही. फुकटचं गुण देत नाही." म्हातारी चाचपडू लागली, मग हात थांबला. "काय देऊ? माझ्यापाशी काय आहे?"

"आमच्या चुलीसाठी विस्तव द्या," सबीना म्हणाली. "मी बाहेर राहिले, माझी चूल विझली असणार. आज द्यायला चालतं."

म्हातारीनं तळहातावर थुंकून हात पुढं केला, जत्रेत गुरांचा सौदा पटल्यावर करतात तसा. सबीनानंही थुंकून त्यावर हात मारला. म्हातारीचा हात कोरडा होता आणि आश्चर्य वाटावं इतका घट्ट.

बाहेर धुकं होतंच. पण आता ते साधं धुकं होतं. वाट दिसत होती. सबीना चिमट्यात पेटतं पीट धरून, उलट्या परकरात, घरी आली. अँथनी दारात उभा होता.

"कुठं होतीस? आणि हे काय घातलंयस?"

"फुलं आणायला गेले होते," ती म्हणाली. "बाजूला हो, हात भाजतोय."

दुसऱ्या दिवशी पहाटे उंबरठ्यावर फुलं पसरून ती खिडकीशी उभी राहिली. धूर कुणाच्याच घरातून निघत नव्हता. त्या दिवशी पहिला धूर ज्या घरातून निघतो त्याची बरकत जाते, म्हणून सगळं गाव वाट बघतं. खाली कुरण करड्या रंगाचं, टोकाटोकाला ओलं. डेलियानं या वेळी फडकं आणलं नव्हतं. तिनं आईलाच आणलं होतं. म्हातारी अनवाणी होती, झगा गुडघ्यांपर्यंत धरलेला. दोन पावलं चालायची, थांबायची, वाकून दोन्ही हात गवतातून फिरवायची आणि डोळ्यांना लावायची. मग पुन्हा दोन पावलं. तिच्या मागं हिरवी वाट उमटत होती.

अँथनी शेजारी येऊन उभा राहिला. "आपल्या कुरणात कोण आहे?"

"ज्यांचं दव आहे ते."

तो बराच वेळ बघत होता. "आणि आपलं लोणी?"

"आलं तर आलं."

अँथनीनं पाइप शोधला, पेटवायचा नसतो हे आठवून परत खिशात ठेवला. "म्हातारीला सर्दी होईल," तो म्हणाला आणि पायमोजे घालायला आत गेला.

त्या आठवड्यात सबीना डेरा घुसळत होती तेव्हा डेलिया आली. "देव कामाला बरकत देवो," उंबऱ्यातून म्हणाली, आणि घुसळण चालू असलेल्या घरात येणाऱ्यानं करायचं असतं तसं दांड्याला हात लावला. हात लावून सोडायची रीत. तिनं सोडला नाही. दोघी आळीपाळीनं घुसळत राहिल्या. लोणी उशिरा आलं, फिकं आलं, फार नाही आलं. पण वाटाण्याहून मोठं होतं. डेलियानं भाकरीच्या तुकड्याला लावून खाल्लं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

ब्राकी म्हातारी होत चालली होती हे अँथनी आधीपासूनच म्हणत होता. शरदात त्यांनी दुसरी गाय घेतली, तिचं लोणी बरं यायचं. दवाचं काय, चकव्याचं काय, गाईच्या वयाचं काय, सबीनानं पुन्हा कधी हिशोब मांडला नाही.

त्या उन्हाळ्यात ती रविवारी दुपारी मॉनेलींकडे जाऊन ओनरपाशी बसू लागली. म्हातारीला खिडकी दिसू लागली होती, आणि म्हातारी म्हणायची, खिडकीतलंही.

"कुरण दिसतंय तुझं," ती एकदा म्हणाली. "केवढं मोठं आहे गं. पल्याडचा गडगा तर दिसतच नाही."

सबीनानं खिडकीतून पाहिलं. लख्ख ऊन होतं. कुरण होतं तेवढंच होतं, शाल वाळत घातल्यासारखं, चारही गडगे स्पष्ट. एक गाढव होतं.

"आणखी काय दिसतं?" तिनं विचारलं.

"गुरं. पांढरी. खूप आहेत, चाललीयत सावकाश. मागं माणसं आहेत."

"ओळखीची आहेत?"

"पाठमोरी आहेत अजून," म्हातारी म्हणाली. "थांब, वळतील."

डेलिया बाहेर कपडे वाळत घालत होती. सबीनानं स्टूल खिडकीजवळ ओढलं आणि म्हातारीच्या शेजारी बसून ती वाट बघू लागली.